ग्लासातला बर्फ आणि खारेपाटाची उघाडी

किनाऱ्यावरच्या गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: 'ग्लासातला बर्फ वितळला तरी पाणी सांडत नाही. मग ध्रुवावरचा बर्फ वितळून कोकण बुडेल कसं? अंटार्क्टिकात तर बर्फ वाढतोय. आणि ध्रुव कुठे, आपण कुठे!'

ग्लासाचं म्हणणं बरोबर आहे. आर्क्टिक समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाने आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारलेलं असतं, म्हणून तो वितळून पातळी जवळजवळ हलत नाही. पण ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकावरचा बर्फ आहे जमिनीवर. दुसरा ग्लास काठोकाठ भरा, त्यावर पाण्याला टेकणार नाही अशी चहाची गाळणी ठेवा, तिच्यात बर्फाचे दोन खडे टाका. खाली ताटली हवीच. असा ३६० अब्ज टन बर्फ समुद्रात उतरला की जगभरची पातळी सुमारे १ मिलिमीटर चढते. एकटं ग्रीनलँड वर्षाला सरासरी २७० अब्ज टनांच्या आसपास गमावतंय.

अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्री बर्फाने २०१४ मध्ये उच्चांक गाठला होता, हे खरं. फॉरवर्ड तिथेच थांबलाय. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच बर्फाने नीचांक गाठला. शिवाय हा तरंगता बर्फ, म्हणजे ग्लासातलाच. यांच्याच तर्काने तो मोजायचा नाही!

अंतराचा मुद्दा तर उलटाच आहे. ग्रीनलँडवरचा प्रचंड बर्फ आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचं पाणी स्वतःकडे ओढून धरतो. तो घटला की ओढ सैल होते, जवळची पातळी उतरते आणि ते पाणी लांबच्या किनाऱ्यांच्या वाट्याला येतं.

राहिलं 'मिलिमीटरने काय होतंय?' १९०१ ते २०१८ मध्ये जगाची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर चढली (यात तापून फुगलेलं पाणीही आलं). पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या भातशेतीत, ही वीत उधाणाच्या डोक्यावर बसते. अमावस्या-पौर्णिमेचं पाणी बांधावरून उलटलं की आतल्या उताराची माती धुपते, बांधाला खांड (भगदाड) पडते आणि भातखाचरात मीठ बसतं.

उघाडीचं, म्हणजे आतलं पाणी बाहेर सोडणाऱ्या बांधातल्या झडपेच्या दाराचं, दुखणं त्याहून चोरटं. ओहोटीला बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली गेलं तरच तिची झडप उघडते. ओहोटीची पातळीच वर सरकली, तर झडप उशिरा उघडते, लवकर मिटते. मुसळधार पावसात बांध शाबूत असूनही शेत तुंबतं, ते असं.