‘ऑल्दो’नंतर ‘बट’ लिहिणारं पोरगं ढ नसतं

काल अमळनेरला शिकवणीत आठवीतल्या एका मुलाने वही पुढे केली. घरी कोरडवाहू कापूस, बोलणं सगळं अहिराणीत. वहीत इंग्रजी वाक्य होतं: ‘ऑल्दो द रेन केम लेट, बट वुई प्लँटेड कॉटन.’ ‘बट’वर लाल पेनची फुली इतकी जोरात, की पानामागे उमटलेली. शेजारी शून्य. का चुकलं, ते कुठेच लिहिलेलं नाही. "सर, माले समजनं नही," एवढंच म्हणाला.

त्या फुलीचा मला फार राग आला. त्याच्या डोक्यात ‘जरी पाऊस उशिरा आला, तरी आम्ही कापूस लावला’ हे वाक्य होतं. जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा अशा जोड्या आपल्या बोलण्यात मुरलेल्या आहेत. त्याने जोडीतला दुसरा शब्द इमानदारीने इंग्रजीत नेऊन ठेवला.

खरी मेख पुढे आहे. ‘पाऊस आला तर पेरू.’ यात ‘जर’ नाही, कुणाचं काही अडत नाही. पण ‘तर’ काढून बघा, वाक्य लंगडं होतं. इंग्रजीत बरोबर उलटं: ‘इफ’ लागतोच, ‘देन’ नसला तरी भागतं. ‘ऑल्दो’ घेतला की ‘बट’ नको, ‘बट’ ठेवायचा तर ‘ऑल्दो’ काढा. ‘बिकॉज’ आणि ‘सो’चं तेच.

‘अनटिल’ तर पोरांना हमखास पाडतो. ‘जोपर्यंत लाइट येत नाही तोपर्यंत थांब’ हे आपलं रोजचं वाक्य, त्यातला ‘नाही’ हवाच. मग पोरं लिहितात ‘वेट अनटिल द लाइट डज नॉट कम.’ इंग्रजीत ‘वेट अनटिल द लाइट कम्स’, नकार नकोच. ‘अनलेस’च्या तर पोटातच ‘नाही’ आहे.

हे सांगायला दहा मिनिटं लागतात. त्याऐवजी फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो ही जोडशब्दांची यादी, पहिली अक्षरं जोडून केलेली ‘फॅनबॉइज’, घोकून घेतात. यादी तोंडपाठ असलेली मुलंही ‘बिकॉज’ने सुरू केलेल्या वाक्यात ‘सो’ घालतात, कारण घरची भाषा वाक्य कसं जोडते आणि इंग्रजी कसं, हे शेजारी-शेजारी मांडून कुणी दाखवलेलंच नसतं. मराठी बाजूला ठेवून इंग्रजी शिकवा म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते इथेच.

त्या मुलाला मी जरी-तरी फळ्यावर लिहून दाखवलं. त्याने ‘बट’ खोडला. मग न सांगता खाली दुसरं वाक्य लिहिलं: ‘द रेन केम लेट, बट वुई प्लँटेड कॉटन.’ वही माझ्याकडे सरकवून म्हणाला, "दोन्ही बरोबर शेतस ना, सर?"