‘काही नाही हो, सोप्पं असतं!’

हे वाक्य आता पुन्हा कोणी ऐकवलं ना, तर त्याच्या हातात शिलाई मशीनची बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) आणि ती बसते ती डबी, म्हणजे बॉबिन केस, देऊन मी समोर बसणार आहे. दाखव म्हणावं सोप्पं! तीन संध्याकाळी गेल्या माझ्या. आजीच्या मऊ सुती साडीचे उशीचे अभ्रे शिवायचे होते. कडेने सरळ टिपा, बाकी काही कलाकुसर नाही. एकही अभ्रा झालेला नाही, पण उसवून उसवून साडीच्या त्या काठाची चाळण झाली आहे.

मशीन घरी आलं तेव्हा दुकानाचा माणूस शिकवायला आला होता. त्याने बॉबिन भरली, केसमध्ये टाकली, केस आत सरकवली, खट् वाजलं, टीप मारून दाखवली. मिनिटभरात संपलं शिक्षण. म्हटलं, दादा, जरा सावकाश दाखवा. तर म्हणे, ‘‘मॅडम, हाताला सवय झाली की जमतं.’’ अरे, सवय कशाची? हाताने काय करायचं ते तरी सांगाल की नाही?

दोरा केसच्या फटीत घातल्यावर पुढे पत्तीखाली सरकवायचा असतो. हे सगळं त्याच्या अंगठ्याआड झालं, मला दिसलंच नाही. मी आपली फटीत घालून मोकळी होत होते. पत्तीखाली गेला नाही तर दोऱ्याला ताणच मिळत नाही, सुळकन बाहेर येतो. ओढल्यावर किंचित अडला पाहिजे, एवढं एक वाक्य बोलायला काय जात होतं? केस दोऱ्याला लोंबती धरायची, ती जागीच राहिली पाहिजे, आणि हलका झटका दिला की थोडी खाली उतरली पाहिजे, ही साधी परीक्षासुद्धा मला शिवणक्लास घेणाऱ्या शेजारच्या काकूंकडून कळली. तीन दिवसांनी.

माहितीपुस्तिकेत बोटभर चित्र आणि त्यात चार बाण. बाण दोरा कुठून जातो ते सांगतोय की बॉबिन कुठे फिरते ते सांगतोय, भिंग घेऊन बसा. केस बसवायच्या आधी चाक फिरवून सुई पूर्ण वर घ्यायची, केसची पट्टी ओढून धरायची म्हणजे बॉबिन पडत नाही, केसचं बोट वरच्या खाचेत गेलं पाहिजे, हे तिथे एकापुढे एक लिहिलेलं नाही. मोबाइलचा टॉर्च दातात धरून मी ती खाच शोधली आहे. दोनदा बॉबिन पलंगाखाली गडगडत गेली, निम्मा दोरा मागे सोडत.

जास्तीच्या बॉबिन आणायला गेले तर दुकानदार बेधडक म्हणाला, ‘‘सगळ्या मशीनला एकच लागते, ताई.’’ लागत नाही! माझ्या मशीनला पंधरा नंबरची लागते, साधारण ११.७ मिलिमीटर उंचीची. त्याने दिलेली किंचित बुटकी होती आणि केसमध्ये खडखडत होती. डोळ्यांना फरक कळत नाही म्हणून काहीही गळ्यात मारायचं?

आणि आता ज्याने माझं डोकं खरं फिरलं ते. कापडाखाली जाळं. वरून टीप बरी दिसते, उलटं करावं तर दोऱ्याचं घरटं, कापड मशीनच्या दातांत अडकलेलं. ज्याला विचारावं तो एकच सांगतो, बॉबिन नीट बसवली नाहीस. पत्तीचं जमायला लागल्यावरसुद्धा तेच! मी वीसेक वेळा काढून घातली असेल ती बॉबिन. चूक तिथे नव्हतीच. चूक वरच्या दोऱ्यात होती.

वरचा दोरा ओवताना फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, वर उचललेला हवा. तो खाली असला की वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या आवळलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये शिरतच नाही, बाहेरून जातो. मग वरच्या दोऱ्याला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. खालचा हुक सुईच्या दोऱ्याचा फास पकडून बॉबिनभोवती फिरवतो, आणि तो फास वर परत ओढला गेला तरच टीप आवळते. सैल दोरा परत जातो कुठे? खालीच साचतो. म्हणून गुंता खाली आणि कारण वर. काकूंनी हे सांगितलं, मी फूट उचलून दोरा नव्याने ओवला, आणि चिंधीवर पहिल्याच फटक्यात दोन्ही बाजूंनी स्वच्छ टीप आली. आनंद व्हायला हवा होता. मला इतका संताप आला की मी मशीन बंद करून उठले.

दोन दोऱ्यांच्या टिपेचं पेटंट एलियास हाउ यांना अमेरिकेत १८४६ साली मिळालं. तेव्हा खाली बॉबिनच्या जागी दोरा घेऊन धोटा ये-जा करायचा. इतक्या वर्षांत नव्याने शिकणारी प्रत्येक बाई याच जाळ्यात अडकली असणार, आणि प्रत्येकीला हेच ऐकवलं असणार की तुझ्या हातात दोष आहे. माझ्या मशीनच्या पांढऱ्या अंगावर इथून तिथे गुलाबी फुलं छापली आहेत. त्याच जागेत ‘दोरा ओवताना फूट वर’ हे चार शब्द छापायला काय धाड भरली होती?