गुळव्या व्हा, काहिलीला हात न लावता

गूळ करायला शिकायचंय? मग झारा हातात घ्यायचा नाही, हा पहिला नियम. गुऱ्हाळावर गेलातच तर खुर्ची मागून घ्या आणि रस उकळणाऱ्या काहिलीच्या चुलवाणापासून लांब बसा. धूर डोळ्यांत गेला की मुद्दे नीट टिपता येत नाहीत.

बसून शिकायला आपल्याला कोण हसणार? शाहू महाराजांनी १९१२ साली कोल्हापुरात कुस्तीचं खासबाग मैदान बांधलं, तेव्हापासून मातीत दोघं उतरतात आणि डाव कुठं चुकला ते वरच्या पायऱ्यांवरचे हजारोजण सांगतात.

तर लिहून घ्या. काकवी १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरवतात, गूळ ११८ च्या. झालात निम्मे गुळव्या! रसातली घाण, म्हणजे मळी, वर यायला भेंडीचं पाणी घालतात. किती? गुळव्याला विचारा. तो म्हणेल, "लागंल तेवढं." तेही लिहा.

पाक तयार झाला हे कसं ओळखायचं, एवढं मात्र विचारू नका. मी विचारलं. म्हाताऱ्यानं पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला, बोटांनी गोळी वळली आणि परातीवर मारली. टण्ण! "अजून हाय," म्हणाला. थोड्या वेळानं दुसरी गोळी. टण्ण! "उतरवा." वहीत दोन्ही टण्ण एकाखाली एक लिहिले, अक्षर सुंदर आलं. फरक विचारला, तर त्यानं पुढची गोळी माझ्यासमोर धरली. असली गोळी घेऊ नये. बोटं चिकटतात, पेन धरता येत नाही.

पुढं मामाच्या रानातला ऊस आणून मी स्वतःच्या देखरेखीखाली गूळ काढला. थर्मामीटर होता, वही होती, को ८६०३२ जातीचा ऊस होता. ढेप तेवढी बसली नाही. पाहुण्यांना आम्ही ती काकवी म्हणून वाटली.

म्हाताऱ्यानं बोट चाटलं. "ऊस शिळा हुता. तोडून चार दिस तरी झालं असतील."

"मग आधी सांगायचं नाही का, आप्पा?"

"सांगितलं की. मळी काढताना रस जड लागाय लागला, तवाच झारा तुझ्या हातात दिलता."

दिला होता खरा. मी तो कडेला ठेवला होता. तापमान लिहायचं राहिलं होतं.