रिकामाच बसलायस ना?

दर दिवाळीत माझ्यातला वाचक जागा होतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत घरचे त्याला थोपटून पुन्हा झोपवतात. यंदा मात्र मी पैसे भरून बसलो होतो. आमच्या डोंबिवलीतल्या एका वाचनालयाची दिवाळी अंक योजना होती. ६०० रुपये वर्गणी, ५०० डिपॉझिट, एका वेळी दोन अंक, महिनाभरात कितीही वेळा बदला. त्या ‘कितीही वेळा’नेच घात केला. मी तिथेच पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. दोन दिवसांत एक अंक म्हटलं तरी महिन्यात १५ होतात. अंक सरासरी ३०० रुपयांचा धरला तर ४५०० रुपयांचं साहित्य मी ६०० रुपयांत वाचणार होतो. निव्वळ नफा ३९००.

घरी येऊन हे बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, “छान. मग त्या ३९०० मधून मिक्सर दुरुस्त करून आण.”

आमच्या घरात माणसाच्या दोनच अवस्था मानल्या जातात, एक कामात असलेला आणि दुसरा रिकामा. मोबाइलमध्ये डोकं घातलेला माणूस कामात असतो, कारण तो लाइटबिल भरत असेल, ऑफिसचं काही आलं असेल, काय सांगावं! झोपलेला माणूस दमलेला असतो, त्याला उठवायचं नाही. पण खिडकीजवळच्या खुर्चीत अंक उघडून बसलेला माणूस हा नुसताच रिकामा. त्याच्याकडून नारळ सोलून घ्यावा, माळ्यावरचं मोठं पातेलं काढून घ्यावं, गॅसवाला आला तर दार उघडायला त्यालाच पिटाळावं. मी पहिल्या दिवशी अनुक्रमणिका उघडली आणि आतून आईचा आवाज आला, “अरे, रिकामाच बसलायस ना? मग एवढं चकलीचं पीठ मळून दे. माझे हात दुखतात.” संपादकीय मी कोपराने पान दाबून वाचलं. त्या पानावर भाजणीचा एक ठिपका अजून आहे.

यात खरी चूक का. र. मित्र यांची आहे, असं माझं मत झालंय. १९०९ साली त्यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही चाल पडली. तेव्हापासून शंभराहून जास्त वर्षं मराठी माणूस नेमका त्याच आठवड्यात वाचायला बसतो, ज्या आठवड्यात घरात सगळ्यात जास्त कामं निघतात. त्यांनी आषाढ अंक काढला असता तर काय बिघडलं असतं? बाहेर मुसळधार पाऊस, गाड्या बंद, घरात कांदाभजी, कुणी येणार नाही, कुणाकडे जायचं नाही. पण नाही.

नरक चतुर्दशीच्या पहाटे लेकीला फडके रोडला जायचं होतं. डोंबिवलीकराला हे वेगळं सांगायला नको. त्या दिवशी गणपतीच्या देवळासमोर अख्खं गाव झब्बे आणि नऊवाऱ्या घालून उभं असतं, सगळे सगळ्यांचे फोटो काढत असतात. मी अंक काखेत मारून गेलो होतो, म्हटलं एखाद्या कट्ट्यावर टेकायला मिळेल. टेकायला मिळालं नाही, पण तासाभरात तिघांनी मला “केवढ्याला हो?” विचारलं. तिसऱ्याने तर “दहा टक्के कमी करा की” म्हणून घासाघीसही केली.

राहिला लोकलचा प्रवास. ‘गाडीत तासभर मिळतो की वाचायला,’ असं म्हणणारी माणसं गाडीत बसत नसावीत. सकाळी डोंबिवलीहून फास्ट लोकलमध्ये चढणाऱ्याचे हात स्वतःच्या ताब्यात नसतात. एक हात कडीला असतो, दुसरा कुणाच्या तरी बॅगेखाली अडकलेला, तो थेट दादरला परत मिळतो. संध्याकाळी सीएसएमटीहून मात्र कधीकधी चौथी सीट मिळते. चौथी सीट म्हणजे अर्धी मांडी बाकावर आणि उरलेला माणूस वाऱ्यावर. अशा अवस्थेत मी पान १३२ वरची एक कथा सुरू केली.

कथा फार सुरेख होती. कोकणातला एक निवृत्त पोस्टमन असतो. घर रंगवायला काढलं म्हणून कपाट सरकवतो, तर मागे एक पाकीट सापडतं, २२ वर्षांपूर्वी पोचवायचं राहून गेलेलं. पत्ता शेजारच्याच गावातल्या एका बाईंचा. आता द्यावं की जाळून टाकावं? मी अगदी रंगून गेलो होतो. पान उलटलं तर कानाशी आवाज आला, “थांबा हो, माझं व्हायचंय.” शेजारचे गृहस्थ घाटकोपरपासून माझ्यासोबत वाचत होते. मी थांबलो. पुढच्या पानाला मी मागे पडलो, तर त्यांनी “हं, चला” म्हणून बोटाने खूण केली. ठाण्याला ते उतरले. उतरता उतरता दारातून ओरडले, “देत नाही बघा तो पत्र! लिहून ठेवा!” अख्ख्या डब्याने माझ्याकडे पाहिलं.

मधले दिवस भराभर सांगतो, कारण ते तसेच गेले. भाऊबीजेला बहीण, मेहुणे आणि त्यांची दोन मुलं आली. त्यातल्या धाकट्याने दुसऱ्या अंकातल्या सगळ्या व्यंगचित्रांना मिशा काढल्या. खोडरबराने त्या घालवण्यात एक संध्याकाळ गेली. मग आला तुळशीविवाह. सकाळी मी पान १३८ काढतोय तोच हुकूम आला, की रिकामाच आहेस तर ऊस घेऊन ये. दोन ऊस, पानांसकट, शेंडा मोडायचा नाही. आवळे, चिंचा पिशवीत मावल्या. ऊस काही मावेनात. शेअर रिक्षात मी मधे बसलो आणि ऊस आडवे मांडीवर घेतले. पत्रीपुलाच्या दिशेने जाणाऱ्या एका स्कूटरवाल्याने ती पानं गालावरून फिरली म्हणून मला जे ऐकवलं, ते कुठल्याही दिवाळी अंकात छापून यायचं नाही. आमच्या लिफ्टमध्ये ऊस तिरकेच मावतात. ते तिरके धरले की मी मावत नाही. शेवटी ऊस लिफ्टने आले आणि मी जिन्याने.

संध्याकाळी अंतरपाटाचं एक टोक माझ्या हातात दिलं. मंगलाष्टकं तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणणार होते, आणि ते आठच्या आठ म्हणतात. मी उजव्या हाताने अंतरपाट धरला, डाव्या हातात अंक. पोस्टमन एकदाचा तरीत बसला होता. ‘शुभमंगल सावधान’ झालं, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, त्यातल्या मूठभर थेट पान १४२ वर. बायकोने नुसतं पाहिलं. तुळशीकडे नाही, माझ्याकडे. मी अंक मिटला.

पुढच्या रविवारी टिटवाळा ठरलं. आईचं बरेच दिवस चाललं होतं, गणपतीला जाऊन येऊ. डोंबिवलीहून हे अंतर किती, तर ठाकुर्ली, कल्याण, शहाड, आंबिवली, की टिटवाळा. लहान मूलही जाऊन येईल. माझ्याकडे एकच काम होतं, योग्य गाडीत सगळ्यांना चढवणं. पण फलाटावर आई, बायको, लेक, डबा, पाण्याच्या बाटल्या असं सगळं नीट बाकावर मांडून झाल्यावर सात-आठ मिनिटं उरली, आणि मी अंक काढला. बाई दारात आल्या होत्या. पोस्टमन खिशात हात घालत होता. गाडी आली. मी मान वर न करता म्हणालो, “चला चला, हीच.”

कल्याणपर्यंत सगळं ठीक होतं. कल्याणला एक फाटा कसाऱ्याकडे जातो आणि एक कर्जतकडे, हे मला शाळेपासून माहीत आहे. कल्याणनंतर शहाड यायला हवं होतं. आलं विठ्ठलवाडी.

“बाबा, शहाडचं नाव बदललं का?” लेकीने विचारलं.

बायकोने आधी पाटीकडे पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या अंकाकडे. आई शांतपणे म्हणाली, “विठ्ठलवाडी तर विठ्ठलवाडी. देवच आहे.” गाडी अंबरनाथची होती. टिटवाळ्याचा गणपती शकुंतलेने स्थापन केला, अशी आख्यायिका आहे. त्यावरून बायकोने उल्हासनगर यायच्या आत एक वाक्य ऐकवलं, “दुष्यंत बायकोला विसरला होता, तू गाडी विसरलास. ऋषी कुठला कोपला होता ते सांग.” वाक्य चांगलं होतं. मी दाद दिली नाही.

आलोच आहोत तर अंबरनाथचं शिवमंदिर बघू, असं मी जणू आधीपासून ठरवल्यासारखं जाहीर केलं. आणि खरं सांगतो, दिवस वाया गेला नाही. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं, शिलाहारांच्या काळातलं ते देऊळ घरापासून पाच स्टेशनांवर आहे, आणि मी ते शाळेच्या सहलीनंतर पाहिलं नव्हतं. काळा दगड, बाहेरच्या भिंतीवर इंच न् इंच मूर्ती, आणि गाभारा खाली, पायऱ्या उतरून जायचा. आई एकेक पायरी मोजत उतरली. खाली गार, ओलसर अंधार होता, बेलाचा वास होता. वर आल्यावर ती म्हणाली, “बरं झालं चुकलास.” मग जरा थांबून, “टिटवाळ्याला पुढच्या रविवारी जाऊ.” आम्ही ओट्यावर बसून मेथीचे पराठे खाल्ले. त्या दिवशी मी अंक बाहेर काढला नाही. काढायची हिंमत नव्हती, हेही एक.

बुधवारी रात्री सगळे झोपल्यावर मी स्वयंपाकघरातला दिवा लावून बसलो. पान १४५. पान १४६. बाईंनी चहा दिला, पोस्टमनने पाकीट पुढे केलं, बाईंनी चष्मा लावला. मी समोरच्या पानाकडे वळलो. पान १४९, ‘आपले वार्षिक भविष्य : मेष’.

मधलं पान नव्हतं. शिवणीपाशी अर्ध्या सेंटिमीटरची पट्टी तेवढी शिल्लक होती, सरळ रेषेत कापलेली.

मला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना थेट वाचनालय गाठलं आणि काउंटरवर अंक ठेवून जे बोलायला सुरुवात केली ती दहा मिनिटं थांबलो नाही. सार्वजनिक वस्तूंबद्दलची बेपर्वाई, वाचनसंस्कृतीचा ऱ्हास. ज्या गावात २०१७ साली ९०वं साहित्य संमेलन भरलं, त्या गावात लोक गोष्टीचा शेवट कापून नेतात! मागे रांगेत उभ्या असलेल्या दोन आजोबांनी माना डोलावल्या. एक म्हणाले, “अगदी बरोबर. फोडून काढलं पाहिजे अशांना.”

ग्रंथपाल बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग रजिस्टर ओढलं, बोट फिरवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “सर, हा अंक कोरा आला तसा पहिला तुम्हालाच दिलाय. तुमच्या आधी कुणी नेलेलाच नाही.” त्यांनी अंक उचलून सहज फडफडवला. काउंटरवर चार लाल अक्षता पडल्या. मागचे आजोबा पुढे वाकून बघायला लागले.

मी अंकाची किंमत भरली. ४०० रुपये, डिपॉझिटमधून.

घरी आलो तर आई दुधाच्या पिशव्या कापायच्या कात्रीने कोथिंबिरीची मुळं कापत होती. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला तेवढी कात्री पुरे होती.

“आई, त्या अंकातलं पान…”

“हो, डिंकाच्या लाडवांचं. थंडी पडायला लागली ना. छान दिलंय, गूळ घालून.”

“अगं, पण त्याच्या मागे…”

“मागे काही नव्हतं रे. बघितलं मी नीट. नुसती गोष्ट होती.”

आईची पाककृतींची वही म्हणजे एका बँकेची १९८७ ची डायरी. कात्रणं डकवून डकवून ती मूळच्या तिप्पट फुगली आहे आणि तिला परकराची नाडी बांधलेली असते. डिंकाचे लाडू १४ जुलैच्या पानावर होते. फेव्हिकॉलने, चारी कडा आणि वर मध्यभागी एक ठिपका, आईचं काम कच्चं नसतं. मी नखाने कोपरा उचलायचा प्रयत्न केला, तर डायरीचं पानच फाटायला लागलं. शेवटी ते पान ट्यूबलाइटसमोर धरून मागच्या बाजूने बघितलं. गोष्ट दिसत होती, पण त्याच जागी १५ जुलैला आईच्या अक्षरात लिंबाचं गोड लोणचं होतं. दोन्ही एकात एक मिसळून जे जुळत गेलं ते असं : ‘बाईंनी पाकीट फोडलं. आत एक… शंभर लिंबं, पुसून कोरडी… त्यांनी ते दोनदा वाचलं आणि… आठ दिवस उन्हात ठेवावं… तो उठला. दारापर्यंत जाऊन… मीठ बेताने… म्हणाल्या, तुम्हाला ठाऊक होतं?’

खालच्या चार ओळींवर फेव्हिकॉल जाड लागला होता.

“काय एवढं बघतोस?” आई म्हणाली. “दिलं असेल पत्र. आणि वाचनालयवाले काही बोलले का?”

“४०० रुपये घेतले.”

“४००!” आईने कोथिंबीर खाली ठेवली. थोडा वेळ विचार केला. मग कात्री पदराला पुसत म्हणाली, “म्हणजे आता तो अंक आपलाच झाला की. आण इकडे. त्यात तिळाच्या वड्यांचं पण आहे, ते लोकांचं म्हणून मी ठेवलं होतं.”