टीडीएस मीटरचा आकडा म्हणजे पाण्याची तपासणी नव्हे

‘बोअरचे पाणी तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. टीडीएस मीटर बुडवा, आकडा ५००च्या आत आला की पाणी निर्धोक. रिपोर्ट हवाच असेल तर कुठल्याही रिकाम्या बाटलीत पाणी भरून पाठवा. एकदा तपासले की झाले.’ असा मजकूर गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आहे. त्यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचे आहे आणि लोक त्यावर विसंबून पाणी पितात, म्हणून हे लिहितो आहे.

आधी मीटर. पाण्यातून वीज किती वाहते एवढेच ते मोजते आणि त्यावरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज सांगते. क्षार कोणते, हे त्याला कळत नाही. आयएस १०५०० या भारतीय मानकात एकूण क्षारांसाठी लिटरला ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे, हे खरे. पण त्याच मानकात नायट्रेटला ४५, फ्लोराइडला जास्तीत जास्त १.५ आणि आर्सेनिकला ०.०१ मिलिग्रॅम अशा वेगळ्या मर्यादा आहेत. फ्लोराइड ३ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट असले तरी ४००च्या आकड्यात ते दिसणार नाही. उलट पाण्यात कॅल्शियम कमी असते तेव्हा फ्लोराइड जास्त विरघळून राहते. म्हणजे डाळ लवकर शिजवणारे, साबणाला फेस आणणारे ‘गोडे’ पाणीही फ्लोराइडचे असू शकते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या फ्लोराइडग्रस्त गावांनी तरी हा मजकूर पुढे पाठवू नये. जिवाणू तर मीटरला दिसतच नाहीत. बांगलादेशात कूपनलिकांचे नितळ पाणी लाखो लोक निर्धास्तपणे पीत होते. त्यात आर्सेनिक असल्याचे १९९३ मध्ये उघड झाले.

‘कुठल्याही बाटलीत भरा’ हा सल्ला त्याहून घातक, कारण त्यातून हातात येणारा रिपोर्ट खरा वाटतो. निरीक्षण विहिरीत, म्हणजे फक्त पाणी तपासण्यासाठी ठेवलेल्या, रोज न उपसल्या जाणाऱ्या बोअरमध्ये, पाणी महिनोन्‌महिने साचून असते. हवा लागून त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणारा आकडा) चढतो, लोह तांबूस गाळ होऊन खाली बसते, बोअरच्या आत बसवलेल्या केसिंग पाइपचा गंज मिसळतो. ते खडकातले पाणी राहत नाही. म्हणून आधी पातळी मोजायची, मग उपसा करायचा. ६ इंची बोअरमध्ये मीटरभर उंचीत साधारण १८ लिटर पाणी मावते. ३० मीटर पाणी उभे असेल तर सुमारे ५५० लिटर, आणि रूढ नियमाप्रमाणे त्याच्या तिप्पट उपसायचे. उपसताना पीएच, तापमान आणि विद्युतवाहकता पुन्हा पुन्हा मोजायची. लागोपाठच्या नोंदी स्थिरावल्या की नमुना घ्यायचा. हे तिन्ही आकडे तिथेच नोंदवायचे, कारण प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ते बदलतात. रोज चालणाऱ्या हापशाला इतका उपसा लागत नाही, काही मिनिटे पाणी सोडून दिले तरी चालते.

आणि बाटली एक नव्हे. विरघळलेल्या धातूंसाठीचा नमुना गाळून त्यात नायट्रिक आम्ल घालतात, नाहीतर धातू बाटलीच्या कडांना चिकटतात. आम्ल नायट्रिक असल्यामुळे त्याच बाटलीतून नायट्रेट तपासता येत नाही. त्यासाठी वेगळी, बर्फात ठेवलेली बाटली लागते. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली, थोडी रिकामी जागा ठेवून भरलेली आणि २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवलेली. विहिरीत नुकतीच टीसीएल पावडर, म्हणजे पाणी निर्जंतुक करणारी क्लोरीनची पावडर, टाकली असेल तर तसे लेबलवर लिहायलाच हवे. जिवाणूंच्या बाटलीत आधीपासून क्लोरीन निकामी करणारे सोडियम थायोसल्फेट असावे लागते, नाहीतर उरलेले क्लोरीन वाटेतच जिवाणू मारते आणि रिपोर्ट खोटाच स्वच्छ येतो.

‘एकदा तपासले की झाले’ याला तर आधारच नाही. शेतातला नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपतो, मैलापाणीही तेव्हाच मुरते. जल जीवन मिशनमध्ये रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जिवाणूंची दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, करायला सांगितले आहे. ग्रामपंचायतीत रिपोर्ट पाहायला गेलात तर नमुना कोणत्या तारखेला, कोणत्या स्रोतातून आणि किती उपसा करून घेतला, हे जलसुरक्षकाला, म्हणजे गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याला, विचारा.