ती पिशवी

आज सकाळी चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर जे ऐकलं ते लिहिल्याशिवाय मला घास गिळवणार नाही, म्हणून लिहितेय. लांब होईल. वाचा.

फादरांनी शेवटी घोषणा केली. पावसाळ्याचे चार महिने आपला पॅरिश हॉल रात्री नऊ ते सकाळी सहा उघडा ठेवायचा. ठाणे स्टेशनबाहेर, सॅटिसच्या पुलाखाली, दुकानांच्या पायऱ्यांवर जे झोपतात त्यांच्यातल्या वीस जणांसाठी. कोरडी जागा, संडास, अंघोळीचं पाणी. पैसे मागितलेच नाहीत. घरटी महिन्यातली एक रात्र मागितली, हॉलवर सोबतीला थांबायला. दाराशी टेबलावर कागद ठेवला होता. मी बाहेर पडले तेव्हा त्यावर तीन नावं होती. तीन! सणाच्या जेवणाच्या कुपनांसाठी हीच माणसं उन्हात तासभर उभी राहिली होती.

आणि अंगणात कुजबुज. हॉलची घाण होईल. दारुडे येतील. ज्यांना मी लहानपणापासून अंकल म्हणते ते म्हणाले, "हे महापालिकेचं काम आहे, आपण टॅक्स कशाला भरतो?"

आहे ना महापालिकेचं काम. शहरात लाख वस्तीमागे एक निवारा, हा सरकारचाच नियम आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे १८ लाखांच्या वर होतं, म्हणजे किती निवारे हवेत ते मोजा. त्यासाठी भांडायचं असेल तर अंकल, मी तुमच्या पुढे चालते. पण तोवर पाऊस थांबून राहणार आहे का? आपल्याकडे थंडी कुणाला मारत नाही, मारतो तो पाऊस. ओली चादर, ओले कपडे, ओल्या जखमा.

जखम म्हटलं की मला मामा आठवतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बंद दुकानाच्या फळीवर झोपायचे. गवंडी होते, सकाळी नाक्यावर उभे राहायचे, काम मिळालं तर जायचे. भीक मागताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. आई चहा द्यायची, तेवढा घ्यायचे. पायाला जखम झाली, चिघळली. एका संध्याकाळी ते आमच्या दारात आले, हातात रेग्झिनची पिशवी. म्हणाले, "ताई, दवाखान्यात भरती व्हा म्हणतात. आठ दिवस एवढी पिशवी ठेवून घ्याल का?"

मी गप्प. त्यांना वाटलं मला संशय आलाय. त्यांनी जिन्यावरच पिशवी उघडून दाखवली. एक थापी, एक ओळंबा, चादर, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं आधार कार्ड आणि बायकोचा फोटो. "बघा, वाईट काही नाही."

आणि मी म्हणाले, "आमच्या सोसायटीत चालत नाही हो."

असा कुठलाही नियम नव्हता. मामा दवाखान्यात गेले नाहीत. पिशवी फळीवर सोडली असती तर रात्रीत चोरीला गेली असती नाहीतर सकाळी कचऱ्याच्या गाडीत. थापी गेली की मजुरी गेली, कार्ड गेलं की माणूसच कागदावरून गेला. पुढे पंधरा दिवसांनी फळी रिकामी होती. मी कुणाला विचारलंही नाही.

आज हॉल घाण होईल म्हणणाऱ्यांचा मला राग आला, कारण तो माझाच आवाज होता. जेवण द्यायला आपल्याला जड जात नाही. नोव्हेंबरात गरिबांचा जागतिक दिन आला की आपण बिर्याणीची पाकिटं वाटतो, फोटो काढतो. जागा द्यायची म्हटलं की आपले हात आखडतात. बायबलातला मत्तयाचा पंचविसावा अध्याय आपल्याला तोंडपाठ आहे. त्यात भुकेल्याला खायला देण्याबरोबरच परक्याला घरात घेण्याचंही आहे ना?

मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग त्याच हॉलमध्ये भरतात, हे मान्य. सहाला हॉल रिकामा होतो, वर्ग नऊला. मधल्या तीन तासांत फिनाईल मारून होतं. आणि धर्मांतराचा आरोप होईल ही भीती खरी आहे, हल्ली फारच खरी आहे. म्हणूनच फादरांनी स्पष्ट सांगितलं की कुणाला धर्म विचारायचा नाही, प्रार्थनेला बोलवायचं नाही. यापुढे आणखी काय करायचं? भीतीपायी दार लावून बसायचं?

व्हॅटिकनला संत पेत्राच्या चौकातल्या खांबांच्या रांगेशी २०१५ साली पोप फ्रान्सिस यांच्या काळात बेघरांसाठी न्हाणीघरं झाली. पोपच्या दानधर्माचं काम बघणाऱ्या आर्चबिशपांनी एका बेघर माणसाला त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला हॉटेलात जेवायला बोलावलं होतं. तो म्हणाला, मी नाही येत, माझ्या अंगाला वास येतो. त्यातून ही न्हाणीघरं उभी राहिली.

हे मी कितीदा तरी ऐकलं होतं. आज लिहिताना लक्षात आलं, मामा त्या दिवशी माझ्या दारापासून दोन पायऱ्या खालीच उभे होते. वर आलेच नाहीत. मला वाटलं होतं, रीतभात आहे माणसाला.

असो. रडून झालंय माझं.

दुपारी परत जाऊन कागदावर नाव लिहिलं. माझी रात्र पहिला शनिवार. फादरांना विचारलं, झोपायची सोय झाली, पण दिवसा यांच्या पिशव्या कुठे राहणार? ते म्हणाले, त्याचा विचार झालेला नाही. आईचं लोखंडी कपाट माझ्याकडे पडून आहे, सहा कप्पे, कुलूप धड आहे. ते हॉलच्या मागच्या खोलीत ठेवायचं ठरलं. पिशवी घ्यायची, नंबराचा बिल्ला द्यायचा, आत काय आहे ते विचारायचं नाही.

गुरुवारी संध्याकाळी टेम्पो सांगितलाय. कपाट दुसऱ्या मजल्यावरून उतरवायला चार माणसं लागतील. दोघं मिळालेत. अजून दोन कोण येतंय ते खाली लिहा. आणि अंकल, तुम्ही हे वाचताय मला माहीत आहे. तुमचा मुलगा धडधाकट आहे, त्याला पाठवा.