काळा रंग सोपा असतो म्हणे

नारळाला तीन डोळे असतात, तो बघून पडतो, माणसाच्या डोक्यावर कधी पडत नाही, असं आमच्या रत्नागिरीत लहानपणापासून ऐकवतात. मोटारसायकलचा त्यात कुठे उल्लेख नाही. मे महिन्याच्या भर दुपारी शेजारच्या अण्णांच्या माडावरून सुटलेला नारळ आमच्या अंगणात उभ्या असलेल्या स्प्लेंडरच्या टाकीवर, नेमका उजव्या गुडघ्याच्या जागी आदळला आणि तिथे एक वाटी तयार झाली. मी म्हणतो आमटीची वाटी. अण्णा बघायला आले ते म्हणाले, "छे, चटणीची." नुकसानीच्या मापावरूनच आमचं बिनसलं. जाताना नारळ तेवढा ते उचलून घेऊन गेले. माड त्यांचा, म्हणजे फळही त्यांचंच. खड्डा कोणाचा, हा विषय त्यांनी काढला नाही. "पाडेल्याला सांगतो हं, नारळ उतरवायला वेळेवर येत जा म्हणून," एवढं आश्वासन मात्र दिलं.

गाडी बाबांची. हिरो आणि होंडा एकत्र नांदत होते तेव्हाची. याच कंपनीच्या सीडी हंड्रेडची त्या काळात एक जाहिरात गाजली होती : पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. बाबांनी ती फारच मनावर घेतली. एवढ्या वर्षांत टाकीवर फडका फिरवायचंही ते विसरले. त्यामुळे नारळ पडायच्या आधीही रंग उन्हाने विटलेला, झाकणाभोवती पेट्रोल सांडून सांडून उडालेला आणि खालच्या शिवणीला खाऱ्या हवेचा गंज, अशी अवस्था होतीच. नारळाने फक्त फाइल वर आणली.

डेंटिंग-पेंटिंगवाल्याने टाकीचे 2800 सांगितले. शिवाय "एकटी टाकी नवी केली तर बाकीची गाडी जुनी दिसेल, सगळीच करून टाका," असाही सल्ला दिला. बाबांनी 1000 रुपये मंजूर केले. घरच्या घरी कर, त्यात काय मोठं, काळा तर रंग आहे. काळा रंग सोपा असतो, हे मला त्या आठवड्यात इतक्या लोकांनी सांगितलं की मला ते खरं वाटायला लागलं. माझ्या मनात खरं तर गर्द निळा होता. पण आरसी बुकात रंग लिहिलेला असतो. 15 वर्षं उलटलेली गाडी दर 5 वर्षांनी आरटीओत पासिंगला उभी करायची, त्यात तिथे 'हा निळा कुठून आला' या प्रश्नाला उत्तर देत बसायचं, त्यापेक्षा काळा बरा.

टाकी उतरवणं हे या सगळ्या प्रकरणातलं एकमेव सोपं काम. सीट काढा, मागचा एक बोल्ट काढा, पेट्रोलची नळी सोडवा, टाकी मागे ओढा. निघाली. पेट्रोल मी कॅनमध्ये काढलं आणि रिकामी टाकी मागच्या पडवीत आणून ठेवली. "रिकामीच आहे, आता काय होतंय," असं बाबा म्हणाले. इथे मात्र मी अडून बसलो. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त वाईट, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते आणि भडकते ती वाफ. मग साबणाच्या पाण्याने टाकी आतून खळबळून धुतली, तोंड उघडं ठेवून वाळवली, आणि तोवर आईने देवापुढची निरांजनं पडवीपासून सगळ्यात लांबच्या खोलीत नेली. देवांचं स्थलांतर झालं ते माझ्या हौसेमुळे, हे पुढे महिनाभर ऐकावं लागलं.

गॅरेजवाला पोरगा हुशार. त्याने टाकीच्या तोंडातून वाकवलेली सळई आत घातली आणि आतून दाबून दाबून खड्डा बराचसा वर उचलला. "गॅस लावून ओढला असता तर झटकन आला असता," तो म्हणाला, "पण पेट्रोलच्या टाकीला आच दाखवायची नाही, आमच्या उस्तादाने शपथ घातलीय." उरलेली उथळ खळगी लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरायची होती. लांबी फार जाड थापली तर गाडीच्या थरथरीने तडकते, म्हणून आधी पत्रा शक्य तेवढा जागेवर आणायचा, हेही त्यानेच सांगितलं. पैसे घेतले नाहीत. "तुम्ही घरी रंगवताय ना? मग याल परत," एवढंच बोलला.

आता मुख्य गोष्ट. टाकी रंगवणं या कामात रंगाचा संबंध अगदी शेवटी आणि तोही थोडाच येतो. बाकी सगळं घासणं असतं. आधी 80 नंबरच्या पॉलिश पेपरने जुना रंग घासायचा. मग 120ने 80चे ओरखडे घासायचे. मग लांबी लावून ती घासायची. मग प्रायमर मारून तोही घासायचा, 320ने, 400ने, मग 600चा वॉटर पेपर पाण्यात भिजवून. प्रत्येक नंबर आधीच्या नंबराने केलेली घाण निस्तरायला येतो. आपल्याकडच्या समित्यांचंही साधारण असंच असतं.

लांबी प्रकरण वेगळंच. करड्या लगद्यात गुलाबी हार्डनर कालवायचा, चिमूटभरच, आणि रंग सगळीकडे सारखा झाला की पत्र्यावर ओढायचा. मे महिन्यातल्या उकाड्यात चार-पाच मिनिटांत दगड. तेवढ्यात कोणी हाक मारली, फोन वाजला, कुरियर आलं, की डब्याच्या झाकणावर कालवलेली लांबी झाकणासकट फेकायची. लावून झाली की पुन्हा घासणं. खळगी भरली की नाही ते डोळ्यांना कळत नाही, ते हाताला कळतं. टाकी मांडीवर आडवी घ्यायची, तळहात सपाट ठेवायचा, डोळे मिटायचे आणि न दाबता हात हळूच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवायचा. मध्येच तळहाताखाली काहीतरी किंचित निसटतं. तिथे अजून खळगी आहे. बाळंतिणीच्या खोलीत बाळाला तेल लावावं तसा मी संध्याकाळच्या संध्याकाळ पडवीत बसलेला असे आणि रस्त्याने जाणारे फाटकाशी थांबत.

थांबणाऱ्यांचे सल्ले फुकट होते, त्यामुळे बजेटमध्ये बसत होते. एकाने राखेने घासायला सांगितलं. एकाने चुलत्याची गोष्ट सांगितली, ज्याने म्हणे होडीचा उरलेला रंग ब्रशने लावला आणि टाकी पुढे त्या चुलत्यापेक्षा जास्त टिकली. निवृत्त लाइनमन काकांनी टाकी दोन्ही हातांनी उचलली, उन्हात तिरपी धरली, बराच वेळ पाहिली आणि "बरी आहे" म्हणून खाली ठेवली. त्यांच्या बोटांचे घामाचे दहा ठसे उघड्या पत्र्यावर राहिले आणि सकाळपर्यंत तांबूस झाले. समुद्रकाठच्या हवेत उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवायचा नसतो. घासला त्याच दिवशी त्यावर प्रायमर चढला पाहिजे. ते दहा ठसे मी पुन्हा घासून काढले.

अंगणावर मात्र माझा हक्क नव्हता. मे महिन्यात कोकणातलं अंगण घरातल्या बाईचं असतं. आईची आंबापोळी ताटांत वाळत होती, सुपांत आमसुलं होती, बाजूला फणसाचे पापड. पाऊस आठवड्यावर आलेला, आणि त्यात मी स्प्रे कॅन हलवत उभा. "त्याचा एक कण जरी माझ्या पोळीवर पडला…" हे वाक्य आईने पुरं केलं नाही, करायची गरजही नव्हती. दुपारी समुद्रावरचा वारा सुटतो, तो नेमका पडवीकडून आंबापोळीकडे जातो. म्हणजे रंग मारायचा तर सकाळी, वारा पडलेला असताना. पण सकाळी नळाला पाणी येतं आणि पाणी आलं की घरातले सगळे अंगणातून ये-जा करतात, धूळ उडवत. दोन्हींच्या मध्ये जेमतेम अर्धा तास सापडला. टाकी सुंभाने वाशाला टांगली, तोंडावर मास्किंग टेप लावली, कॅन खळखळवला.

काळा रंग सोपा असतो म्हणणाऱ्या सगळ्यांना मी त्या अर्ध्या तासानंतर पडवीत बोलावायला हवं होतं. काळ्याइतका चहाडखोर रंग नाही. पांढऱ्याखाली लपेल, राखाडीखाली तर बिनबोभाट लपेल, ते सगळं चकचकीत काळा चव्हाट्यावर आणतो : कुठे 120चा ओरखडा राहिला, कुठे लांबीची कड लागते, कुठे हात कंटाळला. कॅन जवळ धरला तर ओघळ, लांब धरला तर रंग हवेतच सुकून खरखरीत. वीतभर अंतर ठेवायचं, फवारा टाकीच्या बाहेर सुरू करायचा, टाकीवरून सरकत न्यायचा आणि पलीकडे बाहेरच संपवायचा. म्हणजे निम्मा रंग हवेला. हजार रुपयांत हवाही रंगवायची होती, हे मंजुरीच्या वेळी चर्चेत आलं नव्हतं.

तरी पहिला हात बरा बसला. दुसऱ्या हाताला मात्र डाव्या बाजूला रंग थांबेचना. पडला की तिथून मागे सरके आणि बारीक गोल वर्तुळं उमटत. त्याला माशाचे डोळे म्हणतात, आणि ती बाजू खरोखरच ताज्या बांगड्यांच्या टोपलीतून माझ्याकडे बघत होती. खाली तेलाचा अंश असला की असं होतं. चौकशीअंती उलगडा झाला : जुन्या स्टिकरचा चिकटा निघत नव्हता, तेव्हा आईने मला मदत म्हणून तिथे खोबरेल चोळून ठेवलं होतं. चिकटा सुरेख निघाला. खोबरेल प्रायमरच्या आधीपासून तिथे दबा धरून बसलं होतं. नारळ वरून पडून जेवढं करू शकला नाही तेवढं त्याने बाटलीतून येऊन केलं. डावी बाजू पत्र्यापर्यंत घासली, भांड्यांच्या साबणाने धुतली, थिनरने पुसली, मग पुन्हा 320, 400, 600. आईने चहा दिला, वर दोन भजी जास्त. माफी मागायची तिची पद्धत हीच.

आणि मग मृग लागला.

पावसाळी हवेत रंग मारू नये हे कॅनवरही लिहिलेलं असतं, पण अक्षर इतकं बारीक की पाऊस संपेपर्यंत वाचून होत नाही. झालं असं, की काळा रंग बसताक्षणी सुंदर दिसला आणि बघता बघता त्यावर दुधाळ पडदा धरला. थिनर उडताना पत्रा गार करतो, गार पत्र्यावर हवेतला दमटपणा बसतो आणि ओल्या रंगात अडकतो. आमच्याकडे जूनमध्ये हवा अशी नसतेच, नुसता दमटपणाच असतो. केस वाळवायचं यंत्र बहिणीकडून मागून आणलं, टाकी आधी कोमट केली, पुन्हा हलका हात दिला. पडदा गेला. संध्याकाळ झाली होती, नीट दिसावं म्हणून पडवीतला दिवा लावला, आणि पहिल्या पावसाने जमिनीतून निघालेली पंखवाली वाळवी ओल्या रंगावर येऊन बसली. एक-दोन नव्हे, कुटुंबंच्या कुटुंबं. पंख टाकीला, बाकीची मंडळी पायी निघून गेली. पंख सुकू दिले आणि 800ने घासले.

शेवटचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, कॅनमधला मारायचा बेत मिरजोळे एमआयडीसीजवळच्या एका पेंटरने मोडून काढला. साधा क्लिअर पेट्रोलपुढे टिकत नाही, म्हणाला. पंपावर दोन थेंब सांडले की मऊ पडतो आणि पुसायला गेलात की फडक्याबरोबर निघतो. आता तर पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. क्लिअर हवा तो हार्डनर घालून, स्प्रे गनने मारलेला. आणि त्या हार्डनरची वाफ फुप्फुसांना इतकी वाईट की तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, हेही त्याने स्वतःचा मास्क दाखवून सांगितलं. हा खर्च मी काटला नाही, आणि टाकी घरी रंगवणाऱ्या कोणीही काटू नये असं माझं मत आहे. त्याने 500 घेतले. टाकी त्याच्याकडे नेण्याआधी रेडियमवाल्याकडून कंपनीचे स्टिकर लावून घेतले, कारण स्टिकर क्लिअरच्या खाली हवेत. रेडियमवाल्याला त्या मोकळ्या काळ्या जागेवर 'कोकणचा राजा' लिहायचं होतं, अर्ध्या किमतीत. नुसती कंपनी लावणारं गिऱ्हाईक त्याला आवडत नाही.

एकूण हिशेब 1900च्या आसपास गेला. बाबांच्या हजारावरचे आईच्या आमसुलांच्या गल्ल्यातून आले, हे बाबांना माहीत नाही. टाकी बसवल्यावर गॅरेजवाला पोरगा आला, आरशात बघावं तसा तिच्यात बघून भांग नीट केला आणि म्हणाला, "आता साइड पॅनेल जुनी दिसतायत."

बातमी आळीत पसरली. रविवारी सकाळी वरच्या आळीतले मास्तर आले. त्यांच्याकडे लग्नातलं लोखंडी कपाट आहे, सहा फुटी, दोन दारांचं. गंज फारसा नाही म्हणाले, जरासा रंग फवारून दे, तुझा आता हात बसलाय. रंग कुठला? मोरपंखी, पण हिरव्याकडे झुकणारा. मी आत गेलो, 80 नंबरचा एक कोरा पॉलिश पेपर उरला होता तो आणून त्यांच्या हातात ठेवला.

"मास्तर, तेवढं घासून ठेवा. मग मी येतोच."